केन ताकाकुरा : सोसणारा नायक

जपानी चित्रपट म्हटला की आपल्याकडे फिल्म सोसायट्यांमध्ये घडलेल्या रसिकाला आधी दिग्दर्शक कुरोसावा आणि त्यांचा नट तोशिरो मिफुने आठवतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण १९६०च्या दशकात खुद्द जपानमधला कष्टकरी प्रेक्षक आणि रात्रभराच्या खेळांना गर्दी करणारा विद्यार्थी ज्याच्यासाठी तिकीट काढत होता, तो नट केन ताकाकुरा होता. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

ताकाकुरांचा जन्म १९३१चा, फुकुओका प्रांतातल्या नाकामा या कोळसा खाणींच्या परिसरातला. मेइजी विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ते नोकरीच्या शोधात होते. नट होण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. अशा वेळी तोएई स्टुडिओच्या निर्मात्याच्या नजरेत ते भरले आणि १९५६मध्ये पडद्यावर आले. पुढची काही वर्षे त्यांनी मिळतील त्या भूमिका केल्या. खरे वळण आले ते १९६५मध्ये, एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन मालिकांमुळे. पहिली दिग्दर्शक तेरुओ इशी यांची ‘अबाशिरी तुरुंग’. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या बर्फात, कृष्णधवल रंगात चित्रित झालेल्या पहिल्या भागाला एवढे यश मिळाले की १९७२पर्यंत या मालिकेचे अठरा चित्रपट निघाले. दुसरी ‘शोवा झान्क्योदेन’. तिचे नऊ भाग झाले.

या दुसऱ्या मालिकेची कथा जवळजवळ ठरलेली असे. जुन्या रीतीला जागणारी एक टोळी, पैशासाठी काहीही करणारी दुसरी टोळी, आणि दिलेल्या शब्दापायी अपमानावर अपमान गिळत राहणारा नायक. वडीलधारा माणूस मारला जातो, तेव्हा कुठे तो तलवार उचलतो. रात्रीच्या रस्त्याने तो शत्रूच्या घराकडे निघतो, वाटेत अभिनेते र्यो इकेबे त्याला येऊन मिळतात, दोघांमध्ये मोजके शब्द होतात आणि पार्श्वभूमीला ताकाकुरांच्याच आवाजातले गाणे सुरू होते. अखेरच्या हाणामारीत किमोनो खांद्यावरून उतरतो आणि पाठभर गोंदलेला सिंह आणि पिओनीची फुले दिसतात. प्रेक्षक त्या क्षणाची वाट पाहत असत, हे खरे. पण ही हाणामारी चित्रपटाचा अगदी थोडा भाग व्यापते. उरलेला सारा वेळ ताकाकुरा सोसत असतात आणि आपण त्यांचा आवळलेला जबडा, खाली वळलेली नजर आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात पाहत असतो. माझ्या मते त्यांचा दरारा तलवारीत कधी नव्हताच, तो या थांबून राहण्यात होता.

१९७३मध्ये दिग्दर्शक किंजी फुकासाकू यांनी नट बुन्ता सुगावारांना घेऊन याकुझांचे, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांचे, जग निष्ठाहीन आणि ओंगळ असल्याचे दाखवले आणि शब्दाला जागणारा गुंड एकाएकी जुना झाला. ताकाकुरा १९७६मध्ये तोएईतून बाहेर पडले. चाकोरीत अडकलेला नट अशा वेळी संपतो. ताकाकुरांची उत्तम कामगिरी मात्र इथून पुढची आहे.

योजी यामादांच्या ‘पिवळा रुमाल’ (१९७७) या चित्रपटात ते नुकताच सुटलेला कैदी झाले आहेत, आणि तुरुंग पुन्हा अबाशिरीचाच आहे. सुटल्यावर तो एका साध्या खाणावळीत शिरतो आणि बिअर मागवतो. पेला दोन्ही हातांनी घट्ट धरून तो ती अशी पितो की, कुणी हिसकावून घेईल अशी भीती त्याच्या अंगात मुरली आहे हे न सांगता कळते. मग रामेन (नूडल्सचे सूप) आणि कात्सुदोन (भातावर तळलेला डुकराच्या मांसाचा काप). या दृश्यासाठी ताकाकुरा दोन दिवस जेवले नव्हते, असे सांगतात. हे ठाऊक नसतानाही त्या घासांकडे पाहताना गलबलून येते. इथे शत्रू नाही, सूड नाही. बायकोने वाट पाहिली असेल तर घरासमोरच्या खांबावर पिवळा रुमाल लावावा, एवढेच त्याने पत्रातून विचारले आहे, आणि उत्तर पाहायला जाण्याचे धैर्य त्याला होत नाही. तोच आवळलेला जबडा, तीच खाली वळलेली नजर. फक्त शेवटची हाणामारी गेली आहे. पहिल्या जपान अकादमी पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ताकाकुरा सर्वोत्कृष्ट अभिनेते.

हॉलिवुडमध्ये त्यांनी रॉबर्ट मिचमसोबत ‘द याकुझा’ (१९७४) आणि मायकल डग्लससोबत ‘ब्लॅक रेन’ (१९८९) केला. पैकी दुसऱ्यातला ओसाकाचा नेमस्त पोलीस अधिकारी मला फार आवडतो, पण परदेशातली त्यांची खरी कीर्ती चीनमधली. सांस्कृतिक क्रांतीनंतर तिथे दाखवल्या गेलेल्या पहिल्या परदेशी चित्रपटांत दिग्दर्शक जुन्या सातो यांचा, ताकाकुरा नायक असलेला १९७६चा थरारपट होता. खोट्या आरोपाखाली पळणारा, कॉलर वर केलेला, कमी बोलणारा सरकारी वकील चिनी तरुणांना इतका भावला की त्या पिढीतले दिग्दर्शक झांग यिमोऊ यांनी २००५मध्ये खास ताकाकुरांसाठी चित्रपट केला. युन्नानमध्ये, बहुतांशी स्थानिक हौशी लोकांसोबत, सत्तरी ओलांडलेले ताकाकुरा त्यात मुलाशी अबोला धरलेल्या बापाची भूमिका करतात.

‘पोप्पोया’ (१९९९) मधला स्टेशनमास्तर हा मला त्यांच्या अभिनयाचा कळस वाटतो. मुलगी गेली, बायको गेली, दोन्ही वेळा हा माणूस ड्यूटीवर होता. बर्फात उभा राहून तो गाडीला इशारा देतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. माँट्रियल महोत्सवात या भूमिकेसाठी त्यांना अभिनयाचे पारितोषिक मिळाले. चित्रीकरण झालेले इकुतोरा स्थानक २०२४मध्ये कायमचे बंद झाले.

२०१२च्या अखेरच्या चित्रपटात ते तुरुंगातल्या कैद्यांना काम शिकवणारे कर्मचारी झाले. २०१३मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान मिळाला आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी ते गेले. ज्यांना हा नट नवा आहे त्यांनी ‘अबाशिरी तुरुंग’चा पहिला भाग आणि ‘पिवळा रुमाल’ लागोपाठ पाहावेत, आणि तेही याच क्रमाने.