साठा नोंदवहीतला इन्व्हर्टर

प्राथमिक आरोग्य केंद्राचा निधी कशावर खर्चायचा ते ठरवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर माझं नाव गेलं ते केवळ बँकेतून रिटायर झालेला माणूस हिशोबाला बरा म्हणून. एकतीस वर्षं काउंटरमागे काढली. व्हाउचर हातात आलं की आधी तारीख आणि खाडाखोड बघायची खोड अजून आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्राची रोकडवही उघडली तर पैशाला पैसा जुळलेला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा केंद्राला वर्षाला समितीचं १ लाख, देखभाल-दुरुस्तीचं ५० हजार आणि अबंधित निधीचं २५ हजार असं अनुदान ठरलं. अबंधित म्हणजे कशावर खर्चायचा ते वरून बांधून न दिलेला. नळ गळतोय, स्ट्रेचरचं चाक निखळलंय, तर तिथल्या तिथे उरकून टाका. कल्पना झकास आहे.

पासबुकात मात्र एप्रिल ते फेब्रुवारी जवळपास शुकशुकाट, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकरा चेक. उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं की पैसा खर्ची पडला, विषय संपला.

त्यातलाच एक चेक प्रसूती कक्षाच्या इन्व्हर्टरचा, दोन वर्षांपूर्वीचा. तीन कोटेशनं, सगळ्यात कमी दर मंजूर, बिलावर साठा नोंदवहीचा पान नंबर, खाली सही. काउंटरवर असतो तर डोळे मिटून पास केलं असतं. सहज म्हणून वस्तू बघायला गेलो.

"तो होय काका? तो स्टोअरात आहे," सिस्टर म्हणाल्या. "बॅटरी गेली त्याची. लाइट गेली की आशाताई मोबाईलचा टॉर्च धरतात."

स्टोअरात तो सलाइनच्या खोक्यांखाली होता. बॅटरीत पाणी घालायचं काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं, इतकी साधी गोष्ट. नोंदवहीत तो अजून 'चालू स्थितीत' आहे.

मला आधी हा डॉक्टरांचाच ढिसाळपणा वाटला. त्यांनी कपाटातून एक जुना ऑडिट आक्षेप काढून दाखवला. आधीच्या डॉक्टरांनी समितीचा ठराव नसताना ३,२०० रुपयांची दुरुस्ती करून घेतली होती. रक्कम त्यांच्या पगारातून वसूल झाली. "मग मी कशाला पुढे होऊन सही करू, सर? ठरावाला बैठक लागते, आणि बैठकीला कोरम होत नाही." यावर मी काय बोलणार? मी स्वतः दोन बैठका चुकवल्या होत्या.

सरकारी पैसा खाल्ला जातो म्हणून आपण चिडतो. पडून राहिलेल्या पैशावर कुणी बोंब मारत नाही, कारण त्यात चोर सापडत नाही.

महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली. जनसुनवाईत गावातली माणसं अधिकाऱ्यांसमोर बोलायची. त्या कामातल्या एक ताई मला म्हणाल्या, "काका, व्हाउचर नंतर बघा. आधी बाईला विचारा, बाळंत होताना उजेड होता का." हा रकाना आमच्या एकाही रजिस्टरात नाही.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की कार्यालयानं माहिती आपणहून जाहीर करावी. त्याचाच आधार घेऊन ओपीडीबाहेर एक फळा लावायला लावला: जमा, खर्च, शिल्लक. डॉक्टर तयार झाले, क्लार्क दोन दिवस गप्प होते. अक्षर माझंच, कारण खडू घ्यायला दुसरं कुणी पुढे आलं नाही.

तिसऱ्या दिवशी केसपेपरच्या रांगेतल्या एका बाईंनी बोट ठेवलं. "इतर खर्च १,१४०. इतर म्हणजे काय हो?"

व्हाउचर काढलं. समितीच्या बैठकीचा चहा-नाश्ता, बारा जणांचा. त्या दिवशी आम्ही चौघे होतो आणि कोरमअभावी बैठक तहकूब झाली होती. माझ्या वाट्याला दोन वडे आले होते, हेही मी बाईंना सांगितलं.