आमची वाटचाल: गेज दुरुस्तीपासून कॅलिब्रेशन लॅबपर्यंत

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर ‘प्रेशर गेज दुरुस्त करून मिळतील’ ही पाटी अजून आहे. दुरुस्ती हा आता आमच्या कामाचा लहानसा भाग उरलाय; मुख्य काम कॅलिब्रेशनचं, म्हणजे दाब मोजणारं गेज खरं दाखवतंय का ते तपासून प्रमाणपत्र देण्याचं. पण जुने फोरमन ती पाटी बघूनच गाडी आत वळवतात, म्हणून काढलेली नाही.

सुरुवात नव्वदच्या दशकातली. मी आणि माझा भागीदार, दोघंही आयटीआयचे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. भांडवल म्हणजे हातानं दाब द्यायचा एक कम्पॅरेटर पंप, ताडून बघायला एक अचूक मास्टर गेज आणि काटा उपसायचा पुलर. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. गळीत हंगाम संपला की ऑफसीझनच्या ओव्हरहॉलिंगला पोत्यात भरून गेजेस यायची. उरलेलं वर्ष इचलकरंजीची कापडाची प्रोसेस हाउस आणि इथल्या फाउंड्र्या यांच्यावर निघायचं.

गेजच्या पोटात फार काही नसतं. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसानं 1849 मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपटी नळी आजही तीच आहे. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर सरळ होते, तशी ही नळी आतून दाब आला की थोडी उलगडते. टोकाची ती हालचाल लिंक (जोडदांडी), सेक्टर आणि पिनियन (दातेरी चाकं) वाढवून काट्यापर्यंत नेतात, आणि हेअरस्प्रिंग दात्यांमधला ढिलेपणा खाते. दाते झिजले की काटा चढताना एक आकडा दाखवतो आणि उतरताना दुसरा. त्यामुळे आम्ही दाब चढवत आणि उतरवत, दोन्हीकडून वाचन घेतो. नुसता झिरो जुळवून गेज परत देणारेही बाजारात आहेत. दर त्यांचाच स्वस्त असतो.

ऑक्सिजनच्या गेजेससाठी पहिल्यापासून वेगळं टेबल ठेवलं. आमचा पंप तेलावर चालायचा, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश मिळाला तर स्फोट होऊ शकतो. ती गेजेस आम्ही कोरड्या नायट्रोजनवर तपासतो. त्या टेबलावर तेलकट हात लागलेला आमच्याकडे कोणालाच चालत नाही. पाहुण्यांनाही आम्ही तिथून लांब ठेवतो.

धंद्याला खरं वळण मिळालं ते गेज बसतं तिथं जाऊन बघायला लागल्यावर. एका कारखान्यातून एकाच स्टीम लाइनची गेजेस सारखी परत यायची. नळी करपलेली, जोडाचं डाखकाम सुटलेलं. तिथल्या बॉयलर अटेंडंटनी आम्हालाच सुनावलं, “तुमचं काम टिकत नाही बघा.” म्हटलं, “मामा, जागा तर दाखवा.” वर चढून पाहिलं तर कॉकवर गेज थेट बसवलेलं, सायफनचा पत्ता नाही. सायफन म्हणजे गेजच्या आधीचा नळीचा वेढा. त्यात वाफेचं पाणी होऊन साठतं आणि बूर्दाँ नळीला वाफेऐवजी तेच पाणी भिडतं. नवा सायफन बसवला, कॉक उघडण्याआधी त्यात पाणी भरून घेतलं, आणि त्या लाइनची तक्रार संपली.

दुसरं प्रकरण बॉयलर ड्रमचं. टॅपिंग, म्हणजे दाब घ्यायचं तोंड, वर ड्रमवर आणि गेज बारा मीटर खाली, वाचायला सोपं म्हणून. मधली नळी पाण्यानं भरलेली. पाण्याच्या दहा मीटर उंचीला 1 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब, म्हणजे खालचं गेज कायम 1.2 किलो जास्त दाखवणार. बॉयलर 21 किलोचा असेल तर ही जवळपास सहा टक्क्यांची चूक झाली. आमच्या टेबलावर तेच गेज अगदी बरोबर होतं! तेव्हापासून बॉयलरच्या गेजबरोबर आम्ही उंचीची वजावट लिहिलेली छोटी पट्टीही देतो.

व्हॅक्यूम पॅनवर, म्हणजे हवा काढून कमी दाबाखाली साखरेचा पाक उकळायच्या भांड्यावर, तर वादच व्हायचे. समुद्रकाठच्या प्लांटमधून आलेले इंजिनिअर 700 मिलिमीटर पाऱ्याच्या निर्वाताची अपेक्षा धरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरपेक्षा वर आहे. इथं हवेचाच दाब 710 मिलिमीटरच्या आसपास, तर पॅन 700 कुठून दाखवणार? उलट, गेजवर 640 असेल तर इथं आत निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) 70 उरतो आणि पाणी 45 अंशांच्या सुमाराला उकळतं. मुंबईत त्याच 640 ला आत 120 असतात आणि पाणी 55 अंशांना उकळतं. पॅनमनला हे शब्दांत सांगता येत नसेल, पण त्याचा हात ते जाणतो. आता आम्ही पॅनसाठी निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटरच (दाब मोजून विजेचा सिग्नल पाठवणारं यंत्र) सुचवतो, म्हणजे भांडण मिटतं.

कारखान्यांनी सहवीजनिर्मिती, म्हणजे साखरेबरोबर बॉयलरच्या वाफेवर वीज करणं, सुरू केली आणि आमचं जुनं सामान तोकडं पडलं. 21 आणि 32 किलोंच्या जागी 67, 87, 110 किलोंचे बॉयलर आले. कर्ज काढून डेडवेट टेस्टर घेतला. त्यात ठरावीक क्षेत्रफळाच्या पिस्टनवर वजनं ठेवतात. वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, मध्ये स्प्रिंग नाही, नळी नाही. मात्र गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. प्रमाण मूल्य 9.80665, आणि आपल्या अक्षांशावर ते सुमारे पाव टक्क्यानं कमी. साध्या एक टक्का गेजला (पूर्ण डायलच्या एक टक्का चूक चालणाऱ्या) याचं काही वाटत नाही, पण ट्रान्समीटर तपासताना ही दुरुस्ती धरावीच लागते. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या मान्यतेसाठी कागदपत्रं केली तेव्हा अर्धा वेळ असल्याच हिशेबांत गेला. प्रमाणपत्रावर अनिश्चितता (मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं तो आकडा) का छापता, असं गिऱ्हाईक आजही विचारतं. ती छापलेली नसेल तर तो कागद मी स्वतः घेणार नाही.

ट्रान्समीटर आल्यावर काट्याचे दिवस संपले असं आम्हालाही वाटलं होतं. तसं झालं नाही. 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल कंट्रोल रूममध्ये जातो. शून्य दाबालाही 4 असल्यामुळे वायर तुटली तर लगेच कळतं. पण वीज गेल्यावर जागेवर दाब दाखवतं ते गेजच. रसाच्या आणि सिरपच्या लाइनवर दोन्हींना डायफ्रॅम सील (मधला पातळ पडदा) लागतं, नाहीतर नळीत साखर बसते. पंपाजवळ काटा थरथरू नये म्हणून ग्लिसरीन भरलेलं गेज घ्यावं. निवडताना नेहमीचा दाब डायलच्या मधल्या तिसऱ्या भागात पडेल असं बघावं. 0 ते 100 च्या एक टक्का गेजला कुठंही 1 किलोची सूट असते, म्हणून त्यावर 5 किलो वाचणं म्हणजे वीस टक्क्यांचा जुगार.

सध्या आम्ही भट्टीच्या ड्राफ्टची, म्हणजे हवा ओढणाऱ्या हलक्या दाबाची, गेजेस तपासायला वेगळी खोली केली आहे. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरची भट्टी पाण्याच्या उणे पाच-दहा मिलिमीटरवर चालते, आणि 1 किलो म्हणजे दहा हजार मिलिमीटर. इतक्या बारीक दाबाला पंख्याचा वारासुद्धा आकडा हलवतो, त्यामुळे त्या खोलीत पंखा नाही आणि उन्हाळ्यात तिथं काम करायला कोणी खुशीनं जात नाही.

मे-जूनमध्ये आमची टेबलं भरलेली असतात. कारखान्यांनी मार्चमध्येच यादी पाठवली तर बरं. यादीत रेंज सगळेच लिहितात; टॅपिंगपासून गेज किती खाली आहे आणि मध्ये सायफन आहे का, तेही लिहावं.