आधी ट्यूब, मग पॉलिश

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, मग सिंहगडावरच्या टॉवरवरून पुण्यात दिसू लागलं. वडिलांचं दुरुस्तीचं दुकान त्याच जोरावर उभं राहिलं. मी गल्ल्यावर बसलो तोवर भिंतीवरचे सपाट टीव्ही आले होते; आमच्याकडे उरली होती माळ्यावरची धूळ खाणारी खोकी. एकदा शूटिंगवाले आले. त्यांना लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट हवा होता, तोही चालू. तिथून जुने सेट जिवंत करायचं काम लागलं.

सुरुवातीला आम्ही उलटा कारभार केला. कॅबिनेटला पॉलिश, कपॅसिटर नवे, आणि शेवटी कळायचं की पिक्चर ट्यूबच गेलेली! बाकीचं तापकीर गल्लीत मिळतं, ईएचटी, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, भरून घेता येतो. ट्यूब कुठून आणणार?

आता सेट आला की पहिली बॅटरी ट्यूबच्या मानेवर मारतो. आत गेटरचा, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा, डाग आरशासारखा चंदेरी असला तर ठीक. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, विषय संपला. मग मीटरवर हीटर, म्हणजे मानेतली तापणारी तार. तो चांगला निघाला तर ट्यूब टेस्टरवर चढवून पेन्सिलीने मान हलकेच ठोकायची. काटा उडाला तर हीटर-कॅथोड शॉर्ट, म्हणजे हीटर इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला टेकतोय. त्यावर हीटरला ट्रान्सफॉर्मरची वेगळी वाइंडिंग देऊन निभावता येतं. सगळ्यात शेवटी एमिशन, म्हणजे कॅथोड अजून किती इलेक्ट्रॉन सोडतो ते.

इथेच माझी घाई नडली. एका आजोबांच्या २० इंचीचं एमिशन अगदी वीक दाखवत होतं. मी लगेच कॅथोडला जादा व्होल्टेजचा झटका देणारा बूस्टर लावला. मानेत एक निळी ठिणगी, आणि जे थोडंफार एमिशन होतं तेही गेलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "नुसत्या हीटरवर ठेवली होतीस का रे?"

नव्हती ठेवली. वर्षानुवर्षं बंद पडलेली ट्यूब पहिल्या पाच मिनिटांत खरं सांगतच नाही. हीटरला नेमके ६.३ व्होल्ट देऊन दिवसभर तापू दिली की कित्येकदा काटा आपोआप वर सरकतो. सरकला नाही तरच बूस्टर, तोही गिऱ्हाइकाला 'उद्या जाऊही शकते' असं तोंडावर सांगून.

त्यामुळे आमच्याकडे सेट आठ-आठ दिवस पडून असतो, लोक वैतागतात. या तापवण्याचे पैसे मात्र आम्ही लावत नाही. ०.३ अँपिअरचा हीटर, दोन वॅटसुद्धा खात नाही.