बोर्डासमोर ‘जमतं’ म्हणू नका

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय लुळा पडला. घरची शिकवण एकच, रडायचं नाही आणि मागे राहायचं नाही. त्यामुळे कुणी काही विचारलं की तोंडून आपसूक निघतं, “जमतं मला.” दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीत नेमकं हेच आडवं आलं, म्हणून लिहितेय.

माझं जुनं प्रमाणपत्र कागदी, हाताने लिहिलेलं. आता जिथे जावं तिथे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मागतात. भाच्याने त्यासाठीच्या सरकारी वेबसाइटवर, स्वावलंबन पोर्टलवर, प्रमाणपत्राचा आणि कार्डाचा अर्ज भरून दिला. आधार, फोटो, पत्ता, रुग्णालयाची निवड, बस्स. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. गेटवर “लवकर करून देतो” म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला अस्थिव्यंगाचा बोर्ड, म्हणजे तपासून टक्केवारी ठरवणारे डॉक्टर, बुधवारी बसतो. पहिल्या एसटीने आठला पोहोचले, तरी केसपेपरची रांग जिन्यापर्यंत गेली होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एक आई तासभर उभी होती. शेवटी आम्हीच तिला पुढे काढलं. दिवस जातो, हे धरूनच निघा. डबा, पाणी, आधारची झेरॉक्स, जुने कागद आणि एक्स-रे असले तर तेही घ्या. कपडे सैल घाला, कारण पाय मांडीपर्यंत उघडा करावा लागतो. बायकांनी पडदा ओढायला, सिस्टरना थांबायला सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी टेप लावली. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, मग मांडीचा आणि पोटरीचा घेर. नंतर म्हणाले, “माझ्या हाताला पायाने जोर लावा.” स्नायूंच्या ताकदीला 0 ते 5 असे आकडे देतात. टक्केवारी अंदाजाने ठरत नाही, तिचं गणित ठरलेलं असतं. आखूडपणाचंच बघा. पहिला अर्धा इंच धरत नाहीत, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला 4 टक्के. शिवाय चालणं, वळणं, जिना, उकिडवं बसणं, मांडी घालणं, एका पायावर उभं राहणं, यातलं काय येतं आणि काय नाही तेही मांडतात.

“जिना चढता येतो?”

“हो, जमतं.”

डॉक्टर लिहायला लागले आणि थांबले. त्यांची नजर माझ्या सलवारवर होती. डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, तळहाताएवढं कापड विरलेलं होतं. मी शिलाईकाम करते, तिथे आतून ठिगळही माझंच.

“इथेच का विरलं हो?”

“चालताना हात दाबून धरते. नाहीतर गुडघा मोडतो.”

“मग ते सांगा ना, ताई.”

माझा गळा दाटून आला. चाळीस वर्षं तो हात माझ्या लेखी अडचण नव्हताच, ती माझी चाल होती. मग मात्र सगळं सांगितलं. जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी चढते, खाली बसले की मशीनचा पाय धरून उठते, पावसाळ्यात अंगणात तीनदा पडले. यातलं एक अक्षर वाढवलेलं नव्हतं. वाढवूही नका, हाताखालचा स्नायू डॉक्टरांना कळतो. पण झाकूही नका.

काही आठवड्यांनी प्रमाणपत्र पोर्टलवर आलं, 52 टक्के, कायमस्वरूपी. नुकताच अर्धांगवायू झालेल्यांना वगैरे ठरावीक मुदतीचं देतात, मग पुन्हा तपासणी. 40 ते 79 टक्क्यांना कार्डावर पिवळी पट्टी, 80 च्या पुढे निळी, 40 च्या आत पांढरी. सगळा खेळ या 40 चा आहे. एसटीची 75 टक्के सवलत त्यावर, संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही त्यावर. त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो, दिव्यांगांसाठी मर्यादा वर्षाला 50,000 रुपये. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या वहिनींना घेऊन गेले. त्यांचा कंबरेपासूनचा एक पाय अधू. आत जायच्या आधी बाकावर बसून विचारलं, “वहिनी, भांडी घासताना उभ्या कशा राहता?”

“जमतं की. ओट्याला पोट टेकवून.”

“तेवढंच सांगा,” म्हटलं, “ओट्याला पोट टेकवून.”