पुरवणं

नवतपा लागला होता. पारा 45च्या वर, आणि भाची अभ्यासिकेतून घामाघूम होऊन आली ती हातात अर्ज घेऊनच. "मामा, पाहून दे न जरा." अर्ज इंग्रजीत होता: 'प्लीज प्रोव्हाईड अस अ कूलर.'

मी 'अस'च्या पुढे 'विथ' खुपसला.

"काऊन? 'गिव्ह अस अ कूलर' चालते, मग याले काय झालं?"

प्रश्न रास्त होता. 'गिव्ह' साधाभोळा, माणूस आणि वस्तू दोघांनाही शेजारी बसवून घेतो. 'प्रोव्हाईड'चे नखरे फार. माणूस आधी आला की वस्तूआधी 'विथ' हवा. वस्तू आधी आली की माणसाआधी 'फॉर' किंवा 'टू'. आणि नुसतं 'प्रोव्हाईड फॉर द फॅमिली' म्हटलं, की काय दिलं हे न सांगताच अख्खा संसार चालवला असा अर्थ. कायद्यात तर 'प्रोव्हायडेड दॅट' आलं की समजावं, आत्तापर्यंत जे कबूल केलं त्याला आता अट लागणार. आपल्या मराठी कायद्यांत तिथे नुसतं 'परंतु' असतं. एवढासा शब्द, पण वकिलांचं पोट त्यावर.

या शब्दाचं मूळ लॅटिन. 'प्रो' म्हणजे पुढे, 'विडेरे' म्हणजे पाहणे. व्हिडिओ त्याच घरातला. पुढचं पाहून ठेवतो तो प्रोव्हाईड करतो. प्रॉव्हिडंट फंडातला प्रॉव्हिडंटही तोच.

आपलं 'पुरवणं' मात्र 'पुरणं'तून आलं. पुरेल असं करणं. यात पुढचं पाहणं नाही, आहे ते ताणणं आहे. आईचं सगळं स्वयंपाकघर या एका क्रियापदावर चालायचं. चौघांच्या वरणात ऐनवेळी दोन पाहुणे शिरले की ती तांब्याभर गरम पाणी ओतायची, वरून लसणाची फोडणी, आणि वरण सहा जणांना पुरायचं. आम्ही पोट्टे हट्ट करायचो, तोही पुरवायची. तो कशातून, हे विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. बाकी हा शब्द सरकारलाही सुटत नाही. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की पुरवणी मागण्या येतातच. बजेट तिथेही पुरत नाही.

मग मराठीत पुढचं पाहणं नाहीच? आहे की, बेगमी. याच उन्हात गच्चीवर जुन्या लुगड्यावर कुरड्या, सांडगे, पापड पडायचे, आणि आम्ही छडी घेऊन चिमण्या हाकायच्या नावाखाली ओल्या कुरड्या हाणायचो. जून लागायच्या आत डबे भरून तयार. 'प्रोव्हाईड'ला इतका नेमका मराठी शब्द दुसरा सापडणार नाही, पण अर्जात 'कूलरची बेगमी करावी' असं कोण लिहील?

तर 'विथ' घातलेला अर्ज गेला. चार दिवसांनी विचारलं, "आला का कूलर?"

"आला न. पण दुपारी दोन बादल्या पाणी आम्हीच टाकायचं म्हणे." आणि पाण्याची बाटली बॅगेत कोंबत म्हणाली, "प्रोव्हायडेड दॅट!"