उरलेला भात आणि पाण्याचा हिशेब

रविवार, रात्री दहा

आज जेवणातला मुख्य पदार्थ रस्सेदार आणि बऱ्यापैकी तिखट होता, त्यामुळे त्याच्या शेजारी काय वाढायचे एवढाच प्रश्न उरला होता. फ्रीज उघडल्यावर समोर जे आले ते असे : काल रात्रीचा डबाभर भात, झाकून ठेवलेला अर्धा कांदा, मऊ पडत चाललेले एक गाजर, कोबी चिरून झाल्यावर उरलेला जाड दांडा, फ्रीझरमधले मूठभर मटार, अर्धे लिंबू आणि पाने पिवळी पडू लागलेली कोथिंबिरीची जुडी. यांतल्या कोणत्याही एका जिनसाचा स्वतंत्र पदार्थ झाला नसता. सगळ्यांचा मिळून मात्र तिघांना पुरेल एवढा खमंग, मोकळा भात झाला, आणि तो कसा झाला हे आज सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण असा भात एखाद्या दिवशी उत्तम जमतो आणि एखाद्या दिवशी त्याच जिनसांचा लगदा होतो, यामागे नशीब नसून पाणी असते अशी माझी आता खात्री झाली आहे.

उरलेल्या जिनसांकडे पाहताना आपण चवीचा विचार आधी करतो : कशाबरोबर काय शोभेल, कोणता मसाला घालावा, रंग कसा दिसेल. मी आता पहिला विचार ओलाव्याचा करते. गाजरात वजनाच्या सुमारे 88 टक्के पाणी असते, कांद्यात त्याहून किंचित जास्त, कोबीत 92 टक्क्यांच्या आसपास आणि टोमॅटोत जवळजवळ 95 टक्के. शिजलेल्या भातातही सुमारे दोन तृतीयांश पाणीच असते. म्हणजे कढईत जे पडते त्यातला बहुतेक भाग पाणी असतो, आणि भात परतण्याचे सगळे कौशल्य त्यातले किती पाणी जाऊ द्यायचे, किती राखायचे आणि ते कोणत्या क्रमाने करायचे यात असते.

भातापासून सुरुवात करायची तर, कालचा भात परतायला चांगला का, याचे उत्तर त्याच्या स्टार्चमध्ये आहे. तांदूळ शिजताना साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना मोडते; म्हणून ताजा भात मऊ आणि चिकट लागतो. तो थंड झाला की स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन ओळीने बसू लागतात, दाणा कडक होतो आणि त्याचा चिकटपणा कमी होतो. ही क्रिया फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे गोठणबिंदूच्या थोड्या वर, सर्वांत झपाट्याने होते. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेला भात खडबडीत लागतो तो यामुळेच, नुसता वाळल्यामुळे नव्हे. घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्याचा थेंबही कमी न होता भात कडक होतो. पुन्हा गरम केल्यावर या नव्या रचनेचा मोठा भाग साठ अंशांच्या आसपास विरघळतो आणि दाणा परत मऊ होतो, पण तोवर तो सुटा झालेला असतो आणि परतताना सुटाच राहतो.

लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज या प्रकारच्या स्टार्चचे प्रमाण बहुधा जास्त असते, त्यामुळे त्याचा भात मोकळा होतो. आखूड, चिकट तांदळात ते फार कमी असते, काही जातींत तर जवळजवळ नसतेच. अशा चिकट तांदळाचा भात उरला असेल तर तो परतण्याच्या नादी मी लागत नाही. त्याच्या चपट्या टिकिया करून तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजल्या तर त्याच चिकटपणाचा उपयोग होतो. शिळाच भात हवा, असा जो आग्रह सगळीकडे ऐकू येतो तो मात्र मला पूर्णपणे पटत नाही. ताजा भात मोठ्या परातीत पातळ पसरून त्यावरची वाफ पंख्याखाली जाऊ दिली, तर दाण्यांच्या पृष्ठभागावरचे पाणी निघून जाते आणि तोही पुष्कळसा मोकळा परतला जातो. शिळेपणाला स्वतःची अशी काही चव नसते.

इथे सुरक्षिततेची गोष्टही नोंदवून ठेवायला हवी, कारण भात हा वरवर जितका निरुपद्रवी दिसतो तितका नसतो. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि काही वेळा उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष एकदा तयार झाले की परत कितीही परतले किंवा उकळले तरी नष्ट होत नाही. म्हणून वास ठीक आहे, जरा जास्त गरम करू, हा युक्तिवाद भाताला लागू पडत नाही. शिजलेला भात शक्यतो तासाभरात पसरून थंड करावा, उथळ डब्यात भरून 5 अंशांच्या खाली ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. कालचा भात मी जेवण आटोपताच डब्यात काढून ठेवला होता, म्हणून आज तो वापरला. रात्रभर ओट्यावर राहिला असता तर या रोजनिशीत आज दुसराच काही विषय असता.

आता प्रत्यक्ष कृती. भाताचे गोळे मी डब्यातच ओल्या बोटांनी हलकेच सोडवून घेतले. कढईत उलथन्याने ठेचत बसले की दाणे मोडतात, आणि मोडलेल्या दाण्यातून बाहेर आलेला स्टार्च बाकीच्यांना चिकटवतो. गाजर आणि कोबीचा दांडा मटाराच्या आकाराचे चिरले. कोबीचा दांडा बहुतेक घरांत कचऱ्यात जातो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते : त्याची बाहेरची धागेदार साल जाडसर काढली की आत गोडसर, करकरीत गर असतो, आणि तो पानांपेक्षा उशिरा मऊ पडतो, त्यामुळे परतलेल्या भातात पानांपेक्षा अधिक शोभतो. लसूण ठेचून काही मिनिटे तसाच ठेवला. लसणाचा उग्र वास पेशी फुटल्यावर एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तयार होतो आणि उष्णता ती क्रिया थांबवते, म्हणून ठेचल्याबरोबर तेलात टाकलेल्या लसणापेक्षा थोडा थांबलेला लसूण अधिक बोलका लागतो.

कढई रिकामीच चांगली तापू दिली, मग दीड मोठा चमचा तेल घालून त्यात जिरे टाकले. जिऱ्याचा वास तेलात चांगला उतरतो. भातावर वरून भुरभुरवलेले जिरे ज्या घासात येईल त्या घासापुरतेच कळते, तर तेलात उतरलेला वास प्रत्येक दाण्याला लागतो. त्यानंतर कांदा, आणि त्याच्याबरोबरच चिमूटभर मीठ. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. कांदा मऊ होऊन तांबूस व्हावा असे वाटत असेल तर ते पाणी लवकर निघून गेलेले बरे, म्हणून मीठ सुरुवातीला. गाजर आणि कोबी करकरीत राहावेत असे वाटत असेल तर त्यांच्या वेळी मीठ नको.

मधला टप्पा सर्वांत महत्त्वाचा असतो आणि बहुतेक वेळा तोच घाईत उरकला जातो. पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सहा पटींहून अधिक ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करायला लागते. कढईत भाज्यांचा ढीग एकदम टाकला की त्यातून सुटणारे पाणी कढईची सगळी उष्णता पिऊन टाकते, तापमान शंभर अंशांवर अडकून राहते आणि भाज्या परतल्या जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतात. खमंगपणा मात्र त्याच्या बराच वर, साधारण 140 अंशांपासून पुढे, जोमाने तयार होऊ लागतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच वैज्ञानिकाने 1912 साली साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापल्यावर होणाऱ्या या क्रियेचे वर्णन केले, आणि भाजलेल्या, परतलेल्या, भट्टीतून काढलेल्या असंख्य पदार्थांचा रंग व वास हा त्याच क्रियेचा परिणाम असतो. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत ती जवळजवळ सुरूच होत नाही. म्हणून गाजर आणि दांडा मी थोडे थोडे घातले, आंच मोठी ठेवली आणि कढईतून येणाऱ्या आवाजाकडे लक्ष दिले. चर्र आवाज मंदावून बुडबुड ऐकू येऊ लागली की कढईत पाणी साचले आहे असे समजावे आणि पुढचा जिन्नस टाकण्यापूर्वी थांबावे. लसूण या टप्प्याच्या शेवटी गेला, कारण तो बारीक असतो, त्यात पाणी कमी असते आणि आधी टाकला तर बाकीचे तयार होईपर्यंत तो जळून कडू होतो. मटार आधीच उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असतात, त्यांना फक्त गरम व्हायचे असते. ते बाहेर काढून वरचे बर्फ वितळू दिले आणि फडक्यावर कोरडे करून घातले.

यानंतर भात. तो कढईत पसरून मी अर्धा मिनिट हातच लावला नाही. सतत ढवळण्याचा मोह टाळणे हे मला अजूनही जड जाते, पण न हलवता राहिलेला दाणाच तळाशी तांबूस होतो. मग खालून वर उलटायचे, पुन्हा पसरायचे, पुन्हा थांबायचे. असे दोन-तीनदा केल्यावर भातातून स्पष्ट वाफ येऊ लागते आणि दाणे उडी मारू लागतात. दाणा आतून अजून कडक वाटत असेल तर चमचाभर पाणी कढईच्या कडेने सोडून मिनिटभर झाकण ठेवावे. पाणी टाळण्यासाठी एवढा खटाटोप केल्यावर शेवटी पाणीच घालायचे हे विसंगत वाटेल, पण ते योग्य वेळी, मोजके आणि वाफेच्या रूपाने आत जाते, आणि त्याने दाण्याचे पोट मऊ होते, पाठ ओली होत नाही.

काय घातले नाही हेही लिहिले पाहिजे. फ्रीजमध्ये एक पिकलेला टोमॅटो होता, उकडलेल्या भाज्यांचे वाटीभर पाणी होते आणि आदल्या दिवसाच्या भाजीचा रस्सा होता. उरलेले संपवण्याच्या उत्साहात हे सगळे एकाच कढईत रिकामे करण्याची फार जुनी खोड अनेक स्वयंपाकघरांत असते, आणि काटकसर म्हणून तिचे कौतुकही होते. माझ्या मते ती काटकसर नव्हे, कारण त्यातून होणारा लगदा शेवटी कुणीच मनापासून खात नाही आणि तो दुसऱ्या दिवशी तसाच टाकला जातो. रस्सा आणि भाज्यांचे पाणी उद्याच्या सूपला उपयोगी पडेल, टोमॅटोही तिकडेच जाईल. शिवाय आजचा भात बाजूचा पदार्थ होता. मुख्य पदार्थात रस, आंबटपणा आणि तिखट भरपूर असताना भाताने त्याच गोष्टी पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने रस शोषून घ्यावा, मध्येच दाताखाली काहीतरी करकरीत यावे आणि भाजलेला वास असावा, एवढेच पुरे होते. मीठही मी याच हिशेबाने बेताचे घातले : भात एकटाच चाखला तर किंचित अळणी लागेल, मुख्य पदार्थाबरोबर मात्र बरोबर बसेल, असे. खारट सॉस वापरायचा असता तर मीठ आणखी कमी केले असते आणि सॉस भातावर न ओतता तापलेल्या कढईच्या कडेला सोडला असता, म्हणजे त्यातले पाणी भाताला लागण्यापूर्वीच उडून गेले असते.

लिंबू अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. आम्ल आधी घातले तर मटार आणि कोथिंबिरीतले हरितद्रव्य बदलून त्यांचा रंग मळकट होतो, भाज्या मऊ व्हायला जास्त वेळ लागतो आणि लिंबाचा वास वाफेबरोबर उडून जातो. रस मोजकाच, दहा-बारा थेंब. चव आंबट व्हावी म्हणून नव्हे, तर कांदा-गाजराच्या गोडव्याला धार यावी म्हणून. कोथिंबिरीची पिवळी पाने काढून टाकली, हिरवी वरून घातली, आणि कोवळे देठ मात्र आधीच बारीक चिरून लसणाबरोबर तेलात टाकले होते, कारण देठांचा वास पानांपेक्षा उष्णतेला अधिक टिकतो.

जेवणानंतर कढईत चार-पाच घास उरले होते. हा भात आता दुसऱ्यांदा तापून झालेला आहे, तिसऱ्यांदा तापवायचा नाही, म्हणून ते उभ्या उभ्याच संपवले. तळाची खरपूस पापुद्र्यासारखी खरवड त्यातच होती आणि ती वाढणाऱ्यालाच मिळावी या मताची मी आहे. परवा पुन्हा भात लागेल तेव्हा वाटीभर तांदूळ जास्त घेणार आहे, मात्र तो भात फ्रीजमध्ये न ठेवता थंड झाल्यावर पातळ थरात फ्रीझरमध्ये टाकणार, म्हणजे दुसऱ्याच दिवशी संपवण्याची घाई राहणार नाही. पिशवीवर तारीख लिहायला पेन तेवढे ओट्याजवळ आणून ठेवले पाहिजे.