कोणत्या महिन्यात येऊ?

सांगलीहून इकडे आयर्लंडला फोन आला की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. मावशी विचारते, शेजारचे काका विचारतात, डब्लिनला शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील तर हमखास विचारतात. उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं: जून नाहीतर जुलै. तेव्हा ऊन असतं, उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो, सगळीकडे हिरवंगार असतं. हे सगळं खरं आहे. तरी माझं सांगणं एकच: गणपती होऊ द्यात, मग या. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीही या.

हे मला कळलं ते बाबांमुळे. बाबांनी नोकरी सरकारी केली, पण जीव रमला तो राज्य नाट्य स्पर्धेत. वर्षानुवर्षं ते आमच्या गावच्या हौशी संस्थेची प्रकाशयोजना करायचे. डिमरचा खटका, रंगीत जिलेटीनचे कागद, तालमीनंतर मध्यरात्री घरी येणं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. ते पहिल्यांदा इकडे आले ते जुलैत. समुद्रकडे पाहिले, किल्ले पाहिले, मेंढ्यांचे फोटो काढून झाले. मग एका रात्री पावणेदहाला खिडकीशी उभं राहून म्हणाले, "अंधारच होत नाही गं इथे. नाटकं करतात कधी ही माणसं?"

दुसऱ्या खेपेला मी त्यांना शरदात बोलावलं. आईचा जीव नवरात्रात अडकला होता, घट कोण बसवणार म्हणून. ते काकूनं अंगावर घेतलं तेव्हा कुठे तिकिटं निघाली.

आयरिश भाषेत सप्टेंबरच्या नावाचा अर्थ 'सुगीचा मध्य', ऑक्टोबरच्या नावाचा 'सुगीचा शेवट'. नोव्हेंबरला म्हणतात साउइन, आणि तेच सुगी संपल्याच्या सणाचंही नाव. महिन्यांची नावं शेतावरून पडलेली कळल्यावर आईला हा देश एकदम ओळखीचा वाटायला लागला. शेतातलं काम उरकलं, रात्र मोठी झाली की माणसं एकत्र बसणार, गाणार, गोष्टी सांगणार. आपल्याकडे सुगीनंतर जत्रा भरतात, तमाशाचे फड बाहेर पडतात, त्याच्याशीच मिळतंजुळतं हे.

सुरुवात होते 'कल्चर नाइट'नं. सप्टेंबरातला एक शुक्रवार, बहुधा तिसरा. दुपार कलली की रात्री उशिरापर्यंत शहरातली संग्रहालयं, नाट्यगृहं, चित्रकारांचे स्टुडिओ, जुनी ग्रंथालयं आणि एरवी आत पाऊल टाकता येत नाही अशा कितीतरी इमारती सगळ्यांसाठी उघडतात, तेही फुकट. २००६ साली डब्लिनमध्ये हे सुरू झालं, आता देशभर होतं. काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, ते मात्र विसरू नका. आणि यादी मोठी करू नका. तीन ठिकाणं धरा, ती चालत जाण्याच्या अंतरावरची असू द्या, आणि पायात पावसात टिकतील असे बूट घाला.

आम्ही पहिल्यांदा गेलो मार्श लायब्ररीत, सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या कुशीत. १७०७ साली उघडलेलं हे आयर्लंडमधलं पहिलं सार्वजनिक ग्रंथालय. काळपट लाकडाची कपाटं, आणि टोकाला जाळीच्या खोल्या. मौल्यवान पुस्तक मागणाऱ्या वाचकाला त्या खोलीत कुलूप लावून बसवत, म्हणजे पुस्तक बाहेर जायला नको. बाबा त्या जाळीपाशी बराच वेळ उभे होते. तिथून डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात. खाणधंद्यातून मोठा झालेला हा अमेरिकन माणूस उतारवयात डब्लिनला आला आणि आपला संग्रह या देशाला देऊन गेला. त्यात मुघल चित्रांची पानंही आहेत, जहांगीर-शाहजहानच्या काळातल्या मिंटो अल्बमची. (इथे एरवीही प्रवेश फुकट असतो, त्यामुळे त्या रात्री गर्दी दिसली तर खुशाल दुसऱ्या दिवशी जा.) दिवे अगदी मंद ठेवलेले, कारण उजेडानं कागदावरचे रंग उडतात. बाबांनी चित्राआधी दिवे पाहिले. कुठून, किती उंचीवरून, कोणत्या कोनात सोडलाय उजेड, सगळं मला समजावून सांगितलं. मी त्या संग्रहालयात आधी चार वेळा जाऊन आले होते. ती चित्रं मला खऱ्या अर्थानं दिसली ती त्या रात्री.

मग सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डब्लिन थिएटर फेस्टिव्हल. १९५७ पासूनचा हा महोत्सव. त्याच्या दुसऱ्याच वर्षाची गोष्ट मी बाबांना मुद्दाम सांगितली. १९५८ च्या कार्यक्रमात आयरिश नाटककार शॉन ओकेसीचं नवं नाटक होतं, आणि जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीचं एक रूपांतर. डब्लिनच्या आर्चबिशपांनी नापसंती दाखवली, महोत्सवासाठी व्हायची प्रार्थना नाकारली. ओकेसीनं आपलं नाटक काढून घेतलं, जॉइसचं वगळलं गेलं, आणि हे पाहून नाटककार सॅम्युअल बेकेटनंही निषेध म्हणून आपल्या कृती मागे घेतल्या. त्या वर्षी महोत्सव झालाच नाही. बाबा ऐकत होते, मग म्हणाले, "घाशीराम आलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. सगळं आठवतंय मला." १९७२ चा तो गदारोळ त्यांनी पेपरात वाचला होता. पुढचा अर्धा तास लिफी नदीच्या काठानं चालताना तेच बोलत होते.

नदीपासून जवळच अॅबी थिएटर आहे. कवी येट्स आणि नाटककार लेडी ग्रेगरी यांनी १९०४ मध्ये उभं केलेलं. जुनी इमारत १९५१ मध्ये जळाली, आजची नंतरची आहे. याच संस्थेनं मे १९१३ मध्ये रवींद्रनाथांच्या 'डाकघर'चा इंग्रजी प्रयोग केला होता. रवींद्रनाथांना नोबेल जाहीर व्हायला तेव्हा सहा महिने बाकी होते. तुमच्यापैकी कुणी नाटकवेडं असेल तर आणखी एक पत्ता देते: सिंज स्ट्रीट, घर क्रमांक ३३. बर्नार्ड शॉ इथे जन्मला. त्याच्याच 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं. आमच्या गावच्या संस्थेनं फुलराणीचा प्रवेश केला होता तेव्हा दिवे बाबांचेच होते. त्या साध्या वीटकामाच्या घरासमोर त्यांनी चपला काढाव्यात तसे हातमोजे काढले.

पण आमची खरी यात्रा होती वेक्सफर्डची.

वेक्सफर्ड हे आग्नेय किनाऱ्यावरचं छोटं गाव. डब्लिनहून आगगाडी अडीच तास घेते, आणि सुरुवातीचा बराच रस्ता समुद्राला चिकटून जातो. डावीकडच्या खिडकीशी बसा. इथे दर ऑक्टोबरात ऑपेराचा, म्हणजे गाण्यातून सादर होणाऱ्या नाटकांचा, महोत्सव भरतो, १९५१ पासून. १९५० मध्ये कॉम्पटन मॅकेन्झी या लेखकाचं गावातल्या रसिक मंडळापुढे व्याख्यान झालं. तबकड्या ऐकत काय बसता, स्वतःच ऑपेरा करा, असं त्यांनी सुचवलं. ते मनावर घेतलं टॉम वॉल्श नावाच्या गावातल्या डॉक्टरनं. वर्षभरात त्यांनी बाल्फ या आयरिश संगीतकाराचा 'रोज ऑफ कॅस्टिल' उभा केला. तेव्हापासून या महोत्सवाचं व्रत असं की जगानं विसरलेले, फारसे कुठे न होणारे ऑपेरा इथे करायचे. हे ऐकल्यावर बाबांनी बोटांवर हिशेब केला. दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सवाई गंधर्व सुरू केला. एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे शिष्य, आणि दोघांच्या मागे लागलेलं एकच वेड.

महोत्सवाचं जुनं नाट्यगृह १८३२ चं होतं. त्याच जागी २००८ मध्ये नवं बांधलं. अरुंद हाय स्ट्रीटवर घरांच्या रांगेत ते असं दडलंय की पहिल्यांदा आम्ही त्याच्यावरून पुढे निघून गेलो. आत शिरलात की सगळीकडे अक्रोडाचं लाकूड, चेलो वाद्याच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. मुख्य प्रेक्षागृहात सुमारे ७७० जागा, म्हणजे शेवटच्या रांगेतूनही गाणाऱ्याचा चेहरा दिसतो. प्रयोगाआधी सगळे उभे राहून आयर्लंडचं राष्ट्रगीत म्हणतात. गाणी इटालियनमध्ये होती, वर इंग्रजी ओळी दिसत होत्या. बाबांनी त्या पहिल्या अंकातच वाचायच्या सोडल्या. मध्यंतरात म्हणाले, "ही आपली संगीत नाटकंच आहेत. पद आलं की गोष्ट थांबते, आणि थांबलेली बरी वाटते."

तिकीट तपासणाऱ्या, जागा दाखवणाऱ्या, पाहुण्यांना वाट सांगणाऱ्या माणसांत गावातले स्वयंसेवक शेकड्यानं असतात. निवृत्त शिक्षक, दुकानदार, कुणाच्या आज्या. बाबा त्यांच्यातल्या एका आजोबांशी मोडक्या इंग्रजीत वीस मिनिटं बोलले, तेही निम्मं हातवाऱ्यांनी. दुकानांच्या खिडक्या महोत्सवासाठी सजवलेल्या होत्या, मिठाईवाल्याची, चपलांची, औषधांची सुद्धा. संध्याकाळचे मोठे प्रयोग महाग असतात आणि लवकर भरतात. पण दुपारी छोटे प्रयोग आणि गायनाच्या बैठकी होतात, त्या खिशाला परवडतात. आईला त्या बैठकाच जास्त आवडल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी इथे सुट्टी असते. त्याला जोडून कॉर्क शहरात जॅझ महोत्सव भरतो, १९७८ पासून. गर्दी, उशिराचं जागरण आणि पबमधलं वाजवणं ज्यांना चालतं त्यांनी जरूर जावं. आईबाबांना मी नेलं नाही. डेरी शहरातला हॅलोवीन (ऑक्टोबरअखेरचा भुताखेतांचा सण) मोठा असतो, पण ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. तुमचा व्हिसा तिकडे चालतो का ते आधी पाहा.

घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, आणि पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. मग येतो साउइन, ३१ ऑक्टोबरची रात्र. या रात्री गेलेली माणसं परत येतात ही इथली जुनी समजूत. याचाच पुढे हॅलोवीन झाला; तो अमेरिकेत पोचला इथून गेलेल्या माणसांबरोबर, आणि इथे आधी दिवे कोरत ते सलगमचे, भोपळा तिकडचा. मीथ परगण्यात ट्रिम आणि अथबॉय इथे या दिवसांत 'पूका' नावाचा महोत्सव होतो, जाळ पेटवतात, गोष्टी सांगतात. आईला हे सांगताना मला वाटलं होतं ती घाबरेल. ती म्हणाली, "पितृपक्षच की. यांचा जरा उशिरा येतो." मग तिनं वाटीभर भात बाजूला काढून बाल्कनीत ठेवला. डब्लिनमध्ये कावळे भरपूर आहेत. सकाळी वाटी रिकामी होती.

त्या संध्याकाळी आम्ही बार्मब्रॅक आणला होता. मनुका-बेदाणे घातलेला गोडसर पाव, त्यात पूर्वी अंगठी, नाणं, चिंधी असं काय काय लपवत. आता दुकानातल्या पावात एक साधी अंगठी असते, कागदात गुंडाळलेली. ज्याच्या फोडीत निघेल त्याचं वर्षभरात लग्न. ती निघाली आईच्या फोडीत. तिनं धुऊन, पुसून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि सांगलीला गेल्यावर मामाच्या मोठ्या मुलीला दिली.

यंदाही दोघं गणपती झाले की निघतायत. बाबांनी वेक्सफर्डच्या दोन तारखा मागून घेतल्यात. आईचा निरोप आहे की बार्मब्रॅक या वेळी दोन आणून ठेव, धाकटीसाठीही लागेल.